निरंक

माझे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आहे. हा तालुका पर्जन्यछायेत येतो. आमच्याकडे आभाळाकडे पाहणे म्हणजे पावसाची वाट पाहणे. रोहिणी आणि मृग कोरडे गेले तरी गाव धीर सोडत नाही, कारण खरा भरवसा हस्तावर असतो. हत्ती बरसला की रब्बीची ज्वारी आली, असा आमचा साधा हिशेब. अशा गावातून आलेल्या माणसाला नोकरीची पहिली महत्त्वाची नेमणूक मिळाली ती चिलिका सरोवराच्या काठी. तिथे पाणी नाही असा दिवस वर्षात उगवत नाही आणि हस्त-चित्राच्या त्याच पंधरवड्यांत लोक आभाळाकडे भीतीने पाहतात. बंगालच्या उपसागरात तयार होणारा कमी दाबाचा पट्टा तिथे वादळ होऊन धडकतो आणि पुष्कळदा त्याचाच उरलासुरला अंश दख्खनवर येऊन आमच्या ज्वारीला ओल देऊन जातो. एकाच ढगाकडे दोन गावे किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे मला तिथे गेल्यावर उमगले.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. नव्या प्रदेशाची भाषा आपण वर्षभरात शिकतो, जेवणाचीही सवय होते. हवामान मात्र फार उशिरा कळते, कारण आपण गावाकडचे माप खिशात घेऊनच फिरत असतो. माझ्या बाबतीत या उशिराची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली. ती गोष्ट आज लिहितो आहे.

चिलिका हे ओडिशातील पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर आहे. उन्हाळ्यात त्याचा विस्तार सुमारे ९०० चौरस किलोमीटर असतो आणि पावसाळ्यात तो साडेअकराशेच्या पुढे जातो. एका बाजूला वाळूचा लांब पट्टा आणि त्यापलीकडे समुद्र, तर उत्तरेकडून महानदीच्या दया आणि भार्गवी या शाखांचे पाणी येते. पावसाळ्यात नद्यांचे पाणी जिंकते आणि सरोवर गोडे होते. हिवाळ्यापासून समुद्र आत सरकू लागतो आणि पाणी खारे होत जाते. मासे आणि कोळंबी याच चढउताराच्या तालावर समुद्रातून आत येतात आणि बाहेर जातात. त्यामुळे तिथल्या कोळ्याचे पंचांग पावसाचे नसून पाण्याच्या चवीचे आणि वाऱ्याच्या दिशेचे असते.

समुद्राचे मुख गाळाने अरुंद होत गेले तेव्हा हे पंचांगच बिघडले होते. पाणी गोडे राहू लागले, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घटली. सप्टेंबर २००० मध्ये सरोवराला समुद्राशी जोडणारे नवे मुख खोदण्यात आले आणि दोनतीन वर्षांत मासळी परत आली. रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळ जागांच्या यादीतून चिलिकाचे नाव २००२ मध्ये वगळले गेले. प्रशासनाने एखादी गोष्ट समजून घेऊन केली तर निसर्ग किती लवकर साथ देतो, याचे हे उदाहरण मी पुढे अनेक प्रशिक्षण वर्गांत दिले. मात्र त्याच काळात मी स्वतः काय न समजता केले, ते कधी सांगितले नाही.

२००१ साली मी सरोवराकाठच्या एका उपविभागात सब-कलेक्टर, म्हणजे आपल्याकडचा प्रांत, म्हणून रुजू झालो. पहिला धडा एप्रिलमध्ये मिळाला. एका बेटावरची पाहणी आटोपून परतायला दुपारचे तीन वाजले. नावाडी म्हणाला, "आज्ञा, आज इथेच राहावे." ओडिशात मोठ्यांशी बोलताना 'आज्ञा' म्हणतात, आपल्या 'जी' सारखे. मी आभाळ पाहिले. ते स्वच्छ होते. संध्याकाळी मुख्यालयात बैठक होती म्हणून मी निघायला सांगितले. तो काही न बोलता निघाला. अर्ध्या वाटेत वायव्येला एक काळी रेघ दिसली आणि वीस मिनिटांत काळबैसाखी अंगावर आली. आपल्या वळवाचाच तो थोरला भाऊ, फक्त स्वभावाने अधिक रागीट.

सरोवर उथळ आहे. बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आसपासच पाणी. इतक्या पाण्यात काय बुडायचे, असे मला वाटत असे. पण उथळ पाण्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा एकामागोमाग एक येतात आणि सपाट तळाच्या होडीला सावरायला वेळच देत नाहीत. नावाड्याने होडी एका दलदलीच्या कडेला, वेतासारख्या गवतात घुसवली आणि आम्ही तासभर तिथे भिजत बसलो. नंतर मी त्याला विचारले, "तुला कसे कळले?" तो म्हणाला, "सकाळपासून दक्षिणेचा वारा होता, दुपारी पडला. वारा पडला की काठावर राहावे." मग त्याने कालीजाईच्या बेटाकडे हात जोडले. तिथल्या देवीची कथा अशी सांगतात की, सासरी निघालेली जाई नावाची नववधू वादळात होडी उलटून बुडाली आणि तिचीच देवी झाली. मकरसंक्रांतीला तिथे मोठी यात्रा भरते. ती कथा मी तोवर श्रद्धेची कथा म्हणून ऐकली होती. हवामान खाते नव्हते तेव्हा कुणीतरी देऊन ठेवलेला तो इशारा आहे, हे त्या गवतात बसून लक्षात आले.

हा धडा मी एका नावाड्यापुरता शिकलो. संपूर्ण गावाच्या बाबतीत तो लागू करायला मात्र विसरलो.

इथे त्या काळाची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसाला, तेव्हाचे नाव ओरिसाच होते, दोन वादळांनी झोडपले. १७ ऑक्टोबरच्या सुमारास पहिले गोपालपूरजवळ आले. दुसरे २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ धडकले. त्याला आजही लोक 'महाबात्या' म्हणतात. सुमारे १०,००० माणसे गेली. मी तेव्हा मसुरीला प्रशिक्षणात होतो. २००० मध्ये राज्यात आलो तेव्हा प्रत्येक कचेरीत त्या वादळाची भीती फायलींतून वाहत होती. आपत्तीचा सामना करण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे राहिले होते, किनाऱ्यावर आश्रयगृहे बांधली जात होती. आणि माझ्यासारख्या तरुण अधिकाऱ्याच्या मनात एकच वाक्य कोरले गेले होते: आपल्या हद्दीत एकही माणूस मरता कामा नये.

नोव्हेंबर २००२ मध्ये उपसागरात एक वादळ तयार झाले. वरून आलेली सूचना सावध राहण्याची होती, गावे रिकामी करण्याची नव्हती. पण नकाशावरची रेघ आमच्या किनाऱ्याला समांतर जात होती आणि ती थोडी जरी वळली असती तर बेटांवरच्या लोकांना काढायला वेळ मिळाला नसता. मी तीन गावे रिकामी करण्याचा आदेश दिला. हजारभर माणसे होड्यांनी काठावर आणली आणि एका हायस्कुलात ठेवली. पोलिसांच्या मदतीने थोडी जबरदस्तीही केली. दोन रात्री आणि एक दिवस लोक तिथे राहिले. उत्तरेचा वारा जोरात वाहिला, रिमझिम झाली. १२ नोव्हेंबरच्या सुमारास ते वादळ बंगालमधल्या सागर बेटाजवळ किनाऱ्याला लागले. आम्ही लोकांना घरी पाठवले. कचेरीत ठरावीक नमुन्यातला अहवाल तयार झाला. मृत, जखमी, पडलेली घरे, मेलेली जनावरे असे त्यात रकाने होते. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ज्याला 'निरंक' म्हणतात तो शब्द प्रत्येक रकान्यात होता. मी समाधानाने सही केली.

चार दिवसांनी मी त्यांपैकी एका गावी गेलो, थोडे कौतुक होईल या अपेक्षेने. घाटावर एक म्हातारी फाटके जाळे पसरून बसली होती. मी म्हटले, "माउसी, वादळ टळले. बरे झाले ना?" ती म्हणाली, "वादळ टळले बाबू, पण आमचे जायचे ते गेलेच." तिच्याकडून आणि मग आजूबाजूला जमलेल्या लोकांकडून जे कळले ते असे. कार्तिक महिना होता. ओडिशात पुष्कळ घरांत कार्तिकात मासळी वर्ज्य असते आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला छाडखाई म्हणतात, सारे ओडिशा मासळी खाते. त्या दिवशी मासळीला जो भाव येतो तो वर्षात पुन्हा येत नाही. छाडखाई आठवड्यावर आली होती. पावसाळा संपून कोळंबी समुद्राकडे परतण्याचेही तेच दिवस. लोकांनी उसनवारी करून जाळी आणि बांबूचे सापळे पाण्यात लावले होते. माझ्या आदेशाने ते सारे तसेच टाकून त्यांना निघावे लागले. राखणीला कुणी नव्हते. काही जाळी उत्तरेच्या वाऱ्याने फाटली, काही चोरीला गेली. शेळ्यांना होडीत घ्यायला शिपायांनी मनाई केली होती, त्यातल्या काही परत सापडल्या नाहीत.

मी विचारले, "मग तुम्ही हे आधी का सांगितले नाही?" एक तरुण म्हणाला, "आज्ञा, तुम्ही विचारले नाही." त्यात राग नव्हता. त्यामुळेच ते अधिक लागले.

मी भरपाईचा प्रस्ताव तयार केला. पण नियम असा की, वादळ आले असेल तर वादळाचे नुकसान. वादळ आलेच नाही, आमच्याच अहवालात सगळे निरंक होते, मग भरपाई कशाची? प्रस्ताव परत आला. तर्काच्या दृष्टीने त्यात चूक काढता आली नसती. ते निरंक मीच लिहिले होते. मी आणखी पाठपुरावा करू शकलो असतो. दुसरी कामे आली आणि मी तो केला नाही.

पुढच्या वर्षी, २००३ च्या पावसाळ्यात, महानदीला मोठा पूर आला. दया आणि भार्गवीचे पाणी सरोवरात उतरत होते आणि उपसागरातल्या कमी दाबामुळे नैऋत्येचा वारा चढला होता. आम्ही ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला: कुणीही सरोवरात जाऊ नये, सखल वस्त्यांनी शाळेत यावे. दोन गावांतून लोक आले. त्या तिसऱ्या गावातून फक्त काही म्हातारी माणसे आणि मुले आली. बाकीचे आपापल्या जाळ्यांजवळ थांबले. त्यांतले एक बापलेक सापळे काढून आणण्यासाठी सकाळी पाण्यात गेले. होडी उलटली. मुलगा एका खांबाला धरून राहिला, त्याला दुपारी काढले. बापाचे शव दुसऱ्या दिवशी सापडले.

मी त्या घरी गेलो. मुलगा पंधरासोळा वर्षांचा असेल. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "बाबा म्हणाले होते, मागच्या खेपेला सगळे गेले, या खेपेला आपण आधी काढून घेऊ आणि मग शाळेत जाऊ."

अहवालात मृत्यूचे कारण लिहायचे होते. 'पुरात बुडून मृत्यू' असे मी लिहिले. ते खरे होते, नियमांत बसणारे होते आणि त्या कुटुंबाला मदत मिळाली. पण त्या मृत्यूचे एक कारण गेल्या नोव्हेंबरमधला माझा आदेश आणि त्यानंतरचे माझे निरंक हेही होते. त्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता. असता तरी मी तो तेव्हा भरला असता की नाही, हे आज सांगता येत नाही.

त्यानंतर मी जे केले ते फार मोठे नव्हते. ओहोटीच्या वेळी तिन्ही गावांत जाऊन बसलो आणि गेल्या वर्षी विचारायला हवे होते ते विचारले. शाळेत यायला तुम्हाला काय सोडून यावे लागते? उत्तरांची एक वही झाली. होड्या, जाळी, सापळे, शेळ्या, शिजवण्याची भांडी, जमिनीचे आणि कर्जाचे कागद. मग एकेक ठरत गेले. कुणाची किती जाळी आणि होड्या, हे गावच्याच वहीत आधी लिहून ठेवायचे, म्हणजे पुढे वाद नको. होड्या वर ओढून एकमेकींना बांधायच्या. इशारा आला की प्रत्येक वस्तीतले दोन तरुण आणि एक होमगार्ड शेवटच्या सुरक्षित घटकेपर्यंत राखण करतील आणि मग तेही निघतील. शेळ्या बरोबर येतील. शाळेची किल्ली गावातल्या एका बाईकडे राहील, कारण मुलांना घेऊन आधी निघतात त्या बायका.

इशाऱ्याची भाषाही बदलली. ताशी इतक्या किलोमीटरचा वारा, हे वाक्य वाचून दाखवण्याऐवजी कुठल्या दिशेचा वारा येणार, कुठल्या बेटापलीकडे जाऊ नये, जाळी कधीपर्यंत काढून घ्यावी, असे सांगू लागलो. नावाड्याच्या वाक्याची ती नक्कल होती. आणि एक गोष्ट मी माझ्यापुरती ठरवली. वादळ वळून गेले तर गावात जाऊन तसे सांगायचे: आमचा अंदाज चुकला, तुमचे दोन दिवस गेले, काय नुकसान झाले ते लिहून द्या. ती भरपाई नियमांत बसली नाही तरी ते लिहून घ्यायचे. पहिल्यांदा असे सांगितले तेव्हा लोक चकित झाले. सरकार चुकले असे सरकारच सांगते, हे त्यांनी ऐकलेले नव्हते.

माझी बदली झाली. माणसे बदलली की अशा वह्या बहुधा कपाटात जातात, हे मला ठाऊक होते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले. मी तेव्हा भुवनेश्वरात होतो आणि देखरेखीसाठी ज्या अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर पाठवले त्यांत माझेही नाव होते. १२ ऑक्टोबरच्या रात्री, दुर्गाष्टमीला, ते गोपालपूरजवळ जमिनीवर आले. वारा ताशी २०० किलोमीटरहून अधिक होता. त्याआधी ओडिशात सुमारे १० लाख लोकांना हलवण्यात आले होते. आदल्या दिवशी दुपारी मी मुद्दाम त्या तिसऱ्या गावी गेलो. लोकांना समजावावे लागेल, अशी मनाची तयारी केली होती. गाव रिकामे होते. होड्या ओढून एकमेकींना बांधलेल्या होत्या. राखणीच्या तरुणांपैकी एकाने मला ओळखले. तो त्या बुडालेल्या माणसाचा मुलगा होता. तो म्हणाला, "बायका-मुले सकाळीच गेली. वही सरपंचाकडे आहे. आम्ही चारला निघतो." मग थोडे थांबून म्हणाला, "तुम्हीही निघा आज्ञा, वारा पडला आहे."

वादळात आणि नंतरच्या पुरात त्या पट्ट्यात होड्या आणि जाळी पुष्कळ गेली. त्या गावातली माणसे वाचली. संपूर्ण राज्यात मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. १९९९ च्या आकड्याशेजारी तो ठेवला की प्रशासनाला अभिमान वाटावा हे योग्यच आहे, मलाही वाटतो. पण त्या अभिमानात उपग्रह, आश्रयगृहे आणि नियंत्रण कक्ष यांची नावे येतात. उद्याचे जाळे आज पाण्याबाहेर काढून शाळेत जाऊन बसणाऱ्या माणसाने काय दिले, ते त्यात येत नाही. तो आपला रोजगार आपल्या शब्दावर सोडून येत असतो. प्रत्येक इशारा हे त्याच्याकडून घेतलेले उसने असते आणि वादळ आले नाही तरी ते फेडावे लागते.

आता ही उसनवारी अधिक वेळा करावी लागणार आहे. ३ मे २०१९ रोजी फनी पुरीजवळ आले. ओडिशात वादळाचे दिवस बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. एवढे प्रबळ वादळ मे महिन्याच्या आरंभी येणे तिथल्या जुन्या माणसांच्याही हिशेबाबाहेरचे होते. चिलिका आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा पट्टा काही ठिकाणी फुटून नवी मुखे तयार झाली. पाण्याच्या चवीचे पंचांग पुन्हा हलले. दक्षिणेचा वारा कधी पडेल, हे सांगणाऱ्या नावाड्याचेही अंदाज यापुढे चुकतील, आणि आमचेही. अशा काळात अचूक अंदाजाइतकीच चुकलेला अंदाज कबूल करण्याची पद्धत प्रशासनाला लागेल.

आज मी दिल्लीत आहे. हस्त लागला की सवयीने दोन गोष्टी पाहतो. उपसागराचे उपग्रह-छायाचित्र पाहतो आणि गावाकडे फोन करून पाऊस झाला का, ते विचारतो. नव्याने रुजू होणारे अधिकारी कधी भेटायला येतात, तेव्हा त्यांना एकच सूचना करतो. आपत्तीनंतरच्या अहवालात एखाद्या रकान्यात निरंक लिहिण्याआधी त्या गावी जाऊन यावे. घाटावर कुणी जाळे सांधत बसले असेल तर थोडा वेळ शेजारी बसावे. आणि आपण होऊन विचारावे.